मागचं साल खरंच तसं गेलं होतं का?

कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी उरकली, तूर विकून झाली, की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत मागच्या सालाचा हिशेब निघतो. गुढीपाडव्याला सालदाराचं साल बदलतं, त्यामुळे कास्तकाराचंही वर्ष तिथेच संपल्यासारखं होतं. पारावर, चहाच्या टपरीवर एकच विचारणा असते: कसं गेलं साल? उत्तरही एका वाक्यात येतं. 'काही राम नव्हता औंदा.' किंवा 'बरं गेलं, पोरीचं लग्न पार पडलं.' पुढचं सगळं मग याच एका वाक्यावर ठरतं. काय पेरायचं, म्हैस ठेवायची की विकायची, मुलाला अमरावतीला शिकायला पाठवायचं की वावरात घ्यायचं. माणसाच्या आठवणींवर गेल्या काही दशकांत जे संशोधन झालं, ते वाचल्यापासून मला या एका वाक्याची धास्ती वाटते.

मागे वळून पाहण्यात चूक काहीच नाही. उलट त्याशिवाय पुढचं दिसतच नाही. कॅनडातल्या एका माणसाला १९८१ साली मोटारसायकलचा अपघात झाला. संशोधनात तो 'के. सी.' म्हणून ओळखला जातो. त्याला बोलता-वाचता येई, बुद्धिबळाचा डावही मांडता येई, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नसे. एन्डेल टल्विंग या मानसशास्त्रज्ञाने त्याला विचारलं, उद्या काय करणार? त्याला तेही सांगता येईना. काल जितका कोरा, तितकाच उद्याही कोरा. पुढे २००७ मध्ये लंडनला डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांना एखादा नवा प्रसंग मनात उभा करायला सांगितला, समुद्रकिनाऱ्यावर पडून राहिल्याचा वगैरे. बहुतेकांना तुकडे सांगता आले, सलग चित्र काही उभं राहिना. आठवणं आणि पुढचं योजणं ही दोन्ही कामं मेंदू बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेकडून करून घेतो, हे यातून पुढे आलं. मागचे तुकडे घेऊनच आपण पुढचं साल मनात उभं करतो.

मग मेंदू नेमके कोणते तुकडे उचलतो, हे पाहावं लागतं.

डॅनियल कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापलेला एक प्रयोग फार साधा आहे. लोकांना १४ अंशांच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद. फक्त या जादा वेळात पाणी हळूहळू जेमतेम एका अंशाने कोमट केलं. नंतर विचारलं, यातलं पुन्हा कोणतं कराल? दोनतृतीयांशांहून जास्त लोकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. एखादा अनुभव किती वेळ चालला, हे आठवण फारसं मोजत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोहोंवरच ती शेरा मारते.

आता २०१७ साल आठवा. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून पहिल्या वेचणीला सुरुवात झाली, तोवर पऱ्हाटी डौलदार होती. मग पुढची बोंडं उकलू लागली आणि आत गुलाबी बोंडअळी निघाली. विदर्भात कुणालाही त्या सालाबद्दल विचारा, बोंडअळीच सांगतील. नुकसान खरं होतं, मोठं होतं, ते कमी लेखायचं नाही. पण माझ्या ओळखीच्या एका घरी 'त्या साली काहीच नाही लागलं हाती' या एका वाक्यावर उन्हाळ्यात गाय विकली गेली. पुढे कधीतरी त्या सालची हिशेबाची वही निघाली. फवारणीच्या औषधांचे आकडे मोठ्या अक्षरांत, त्यांच्याखाली दोनदा ओढलेली रेघ. आणि समासात, बारीक पेन्सिलीने, डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या चुकाऱ्याच्या नोंदी, जुलैपासून मार्चपर्यंत एकही न चुकलेल्या. घरची सून म्हणाली, 'किराणा तर दुधावरच चालला होता.' गाय विकताना तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे घराचा पुढचा बेत बहुतेकदा एकाच माणसाच्या आठवणीवर ठरतो, आणि तो माणूस कर्ता पुरुष असतो. निंदण-वेचणी करणाऱ्या, धारा काढणाऱ्या बाईच्या आठवणीत तेच साल निराळं असतं. तिचं ऐकणं हा तिचा मान तर आहेच, पण त्याने हिशेबातली मोठी गफलतही टळते.

आठवणीत दुसरीही एक खोट आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर गेले, त्याआधी बारुख फिशहॉफ आणि रुथ बेथ यांनी लोकांकडून काय-काय घडेल याचे अंदाज घेतले. नंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही काय म्हणाला होतात? जे खरोखर घडलं, त्याची शक्यता आपण जास्त धरली होती, असं लोक सांगू लागले. 'मला तर तेव्हाच वाटलं होतं' हे वाक्य गावात सोयाबीनचा भाव पडल्यावर किती ऐकू येतं! ते म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याची आठवण मागाहून सरकलेली असते. मात्र त्यामुळे एक तर माणूस स्वतःला फुकट दोष देतो, नाहीतर पुढच्या वेळी स्वतःच्या अंदाजावर नको तितका विसंबतो.

विहीर खोदताना, घर बांधताना 'अखजीपर्यंत', म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, 'होऊन जाईल' असं म्हणतो आणि पोळा उजाडतो, त्यावरही अभ्यास आहे. कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल म्हटलं, लागले ५५. त्यांना मागचा अनुभव नव्हता असं नाही, पण अंदाज बांधताना तो विचारात आला नाही. याच संशोधकांना आणखी असं दिसलं, की मागची अशीच कामं आठवायला लावून ती समोरच्या कामाशी मुद्दाम जोडायला लावली, की अंदाज बराच जमिनीवर येतो. नुसतं आठवून भागत नाही.

पस्ताव्याबद्दल थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की केलेल्या गोष्टीची चुटपुट सुरुवातीला जास्त असते, पण आयुष्यभराचा विचार केला तर न केलेल्या गोष्टी जास्त बोचतात. सुटलेलं शिक्षण हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. मुलीची शाळा सोडवण्याआधी हे जरूर आठवावं. पण तेच सूत्र कर्ज काढून केलेल्या प्रयोगाला लावायला मी धजणार नाही. कोरडवाहू रानात फसलेल्या धाडसाचं व्याज भरावं लागतं.

मग साल आठवायचं कसं? महिन्याने नाही, नक्षत्राने जा. मृगात काय चाललं होतं, कुणाबरोबर होतो, घरात काय होतं. मग आर्द्रा, मग पुढचं. एकेक प्रसंग धरला की 'काही राम नव्हता' या वाक्याखाली दबलेलं बरंच वर येतं. कानेमन यांच्या गटाने २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून कालचा दिवस असाच प्रसंगाप्रसंगाने लिहून घेतला होता. माणसांत घालवलेला वेळ सुखाचा निघाला, कामावर जाण्या-येण्याचा नकोसा. आपल्याकडे यादी वेगळी निघेल. ती काढण्यासाठी हिशेबाच्या वहीतच रकमेशेजारी एक ओळ पुरते: आज कशात जीव रमला, कशाने जीव मेटाकुटीला आला. आणि पेरणीआधीचा अंदाज तारीख घालून लिहून ठेवावा, म्हणजे मागाहून सरकायला जागा उरत नाही.

एक जपायचं. मागचं आठवणं आणि मागचं उगाळत बसणं यांत फरक आहे. 'माझ्याच वाट्याला का' हा विचार गोल फिरत राहिला, तर उदासी लांबते आणि मार्ग सुचेनासा होतो, हे सुझन नोलन-होक्सेमा यांच्या संशोधनातून दिसलं आहे. पाऊस, भाव आणि अळी यांचा दोष स्वतःच्या कपाळी लिहू नये. रात्र-रात्र डोळा लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवावी, घरच्यांना सांगावं आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो फुकट आहे, दिवसरात्र सुरू असतो, आणि मराठीत बोलता येतं.