गेमिंग आजारांच्या यादीत, रील्स बाहेरच

किशोरवयीन मुलांच्या इंटरनेटच्या अतिवापराची गोष्ट बहुतेक जण १९९५ पासून सांगतात. न्यूयॉर्कच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने मानसिक आजारांच्या निदानाच्या जाडजूड अमेरिकी नियमावलीची टर उडवायला ‘इंटरनेट व्यसना’ची लक्षणे रचली आणि लोकांनी ती खरी धरली. लवकरच अमेरिकेतल्याच एका मानसशास्त्रज्ञ महिलेने जुगाराच्या निकषांवरून खरीखुरी प्रश्नावली बेतली. पुढे त्या प्रश्नावलीची २० प्रश्नांची चाचणी झाली आणि ती भारतातल्या शाळा-कॉलेजांपर्यंत पोचली. त्यातला एक प्रश्न जोडीदाराशी असलेल्या जवळिकीचा आहे. नववीच्या वर्गात तो कसा विचारायचा?

पूर्व आशिया निदानासाठी थांबला नाही. चीनमध्ये विजेचे झटके देऊन मुलांचे ‘व्यसन’ सोडवणे चालले होते. २००९ मध्ये सरकारनेच ते थांबवायचा आदेश दिला. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांसाठी मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले आणि दहा वर्षांनी तो नियम गुंडाळला.

खरी वादावादी झाली ती आजारांच्या यादीवरून. त्याच अमेरिकी नियमावलीने २०१३ मध्ये इंटरनेट गेमिंगला ‘आणखी अभ्यास हवा’ या रांगेत बसवले होते. मे २०१९ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीच्या अकराव्या आवृत्तीने मात्र गेमिंगला सरळ आजार ठरवले. खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळे मागे पडलेले, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच, आणि हे साधारण १२ महिने. किती तास खेळतो याला त्यात महत्त्व नाही, हे पालकांना कोणी सांगत नाही. विरोधातल्या संशोधकांचे म्हणणे होते की पुरावा कच्चा आहे, साध्या खेळाडूंवर शिक्का बसेल आणि नैराश्यातून खेळात बुडालेल्या मुलाचे मूळ दुखणे झाकले जाईल. आशियाई देशांच्या दबावाचीही चर्चा झाली. मूळ दुखण्याचा मुद्दा मला पटतो. पण जास्त खटकते ते यादीतून सुटलेले. रात्री दोनपर्यंत रील्स सरकवणारी मुलगी ओपीडीत आली, तर केसपेपरवर झोपेची तक्रार, चिंता, फार तर ‘इतर’ गटातला कोड.

आपल्याकडे बंगळुरूत २०१४ मध्ये यासाठी खास क्लिनिक निघाले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०२० मध्ये तर शाळाच मोबाइलवर आली. अभ्यासासाठी दिलेला फोन परत कसा मागायचा, हा घरोघरचा प्रश्न तेव्हाचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास त्यावर उपाय काढला: संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. सरकारी निर्णय वेगळ्याच कारणांनी झाले. सप्टेंबर २०२० ची पब्जीबंदी देशाच्या सुरक्षेसाठी होती. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, रील्सचा त्यात विषयच नाही.