क्रम कोणी लावायचा? खाजगी ब्लॉकचेन आणि सार्वजनिक सहमती सेवा: पार्श्वभूमी

खाजगी ब्लॉकचेन (काही ठरावीक संस्थांनी मिळून चालवलेली सामायिक खातेवही) एखाद्या सार्वजनिक सहमती सेवेला (संदेशांचा क्रम सर्वांसाठी ठरवून देणाऱ्या बाहेरच्या जाळ्याला) जोडायची, हा विषय निघाला की बहुतेक जण 2020 पासून सुरुवात करतात. हॅशग्राफ या सहमतीच्या पद्धतीवर चालणारी अशी सेवा त्या वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली, म्हणून. पण घोडं अडलं होतं ते त्याच्या आधी, जुलै 2017 मध्ये आलेल्या फॅब्रिक 1.0 च्या, म्हणजे खाजगी ब्लॉकचेन बांधण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या, रचनेत. ती रचना समजून घेतल्याशिवाय पुढची कुठलीच गोष्ट नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

फॅब्रिकने व्यवहाराचे तीन टप्पे वेगळे केले. ठरलेले पीअर, म्हणजे खातेवहीची प्रत ठेवणारे संस्थांचे संगणक, आधी व्यवहार चालवून पाहतात आणि निकालावर सह्या करतात. मग ऑर्डरर, म्हणजे क्रम लावणारा संगणक, असे सह्या झालेले व्यवहार रांगेत लावून ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) पाडतो. शेवटी प्रत्येक पीअर तो ब्लॉक आपापल्यापुरता तपासून घेतो. क्रम लावण्याचं काम असं सुटं झाल्यामुळे ते कोणाकडेही सोपवता येण्याची सोय झाली. 2016 च्या 0.6 आवृत्तीत पीबीएफटी होतं, म्हणजे काही नोड (जाळ्यातले संगणक) लबाडी करत असले तरी तगून राहणारी पद्धत. 1.0 मध्ये ती गेली. तिच्या जागी चाचणीसाठी एकट्या नोडचा सोलो आणि खऱ्या वापरासाठी काफ्का (संदेश आलेल्या क्रमाने रांगेत ठेवणारं सॉफ्टवेअर) असे दोन पर्याय आले.

काफ्का नोड बंद पडले तर सावरून घेतं, नोड खोटं बोलले तर नाही. एका चॅनेलला (काही सभासदांपुरत्या वेगळ्या खातेवहीला) काफ्काचा एक टॉपिक (संदेशांचा प्रवाह) आणि त्यात एकच पार्टिशन, म्हणजे एकच रांग. ऑर्डरर आलेले व्यवहार तिथे टाकत, पुन्हा त्याच क्रमाने वाचून घेत आणि ब्लॉक पाडत. यातली एक बारीकशी युक्ती मला आजही फार महत्त्वाची वाटते. ब्लॉक भरला नाही तरी ठरावीक वेळाने तो पाडायचा असतो. पण प्रत्येक ऑर्डररचं घड्याळ वेगळं. एकाच्या मते दोन सेकंद झाले, दुसऱ्याच्या मते अजून व्हायचेत, मग ब्लॉक सारखे कसे निघणार? म्हणून ज्याची वेळ आधी भरेल त्याने त्याच पार्टिशनमध्ये ‘अमुक क्रमांकाचा ब्लॉक पाडा’ असा संदेश टाकायचा. त्या क्रमांकाचा पहिला संदेश ग्राह्य, नंतरचे सोडून द्यायचे. म्हणजे वेळेबद्दलचा मतभेदही रांगेत टाकूनच मिटवायचा. विश्वासाचा सगळा भार त्या एका रांगेवर होता.

आणि ती रांग कोणाच्या ताब्यात? काफ्का आणि त्याच्या नोडचा समन्वय ठेवणारं झूकीपर दूरदूरच्या संस्थांमध्ये विखरून चालवण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यामुळे ऑर्डरर पाच संस्थांचे असले तरी मागचं काफ्का व्यवहारात एकाच संस्थेकडे असे, बहुतेकदा जाळं उभारणाऱ्या भागीदाराकडे किंवा त्याने नेमलेल्या क्लाउड पुरवठादाराकडे. प्रतिस्पर्धी कंपन्या एका जाळ्यात आणायच्या आणि रांगेची किल्ली त्यांच्यातल्याच एकीला द्यायची. कुंपणानेच शेत खाल्लं तर कोणाकडे जायचं, हा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारायचाच, आणि तो रास्त होता.

इथे ‘सहमती’ या शब्दाशी जरा थांबायला हवं, कारण सगळा गुंता तिथेच आहे. सार्वजनिक ब्लॉकचेनमधून आलेल्या माणसाला सहमती म्हणजे व्यवहार खरा आहे, पैसे दोनदा खर्च झालेले नाहीत आणि तो अमुक जागी बसला आहे, हे सगळं एकत्र अभिप्रेत असतं. फॅब्रिकमध्ये या गोष्टी फोडलेल्या आहेत. ऑर्डरर फक्त ‘कशानंतर काय’ एवढं ठरवतो. व्यवहाराचा अर्थ त्याला कळत नाही, कळण्याची गरजही नाही. सहमती सेवा पुरवते ती हीच, क्रमाची सहमती.

नुसता क्रम म्हणजे किरकोळ काम, असं मात्र समजू नये. समजा, एका मालाच्या नोंदीची सातवी आवृत्ती खातेवहीत आहे. एक व्यवहार तो माल तारण ठेवतो, दुसरा तोच माल विकतो. दोन्ही सातवी आवृत्ती वाचून तयार झालेत, दोन्हींवर आवश्यक त्या सह्या आहेत. ज्याचा नंबर आधी लागेल तो वैध ठरतो आणि नोंद आठव्या आवृत्तीवर जाते. दुसरा ब्लॉकमध्ये राहतो, पण अवैध असा शिक्का घेऊन. माल तारण पडला की विकला गेला, हे मजकूर न तपासणाऱ्या ऑर्डररने ठरवलं. तो खोटा व्यवहार बनवू शकत नाही, कारण सह्या त्याच्याकडे नाहीत. पण खरा व्यवहार दाबून ठेवू शकतो, मागे ढकलू शकतो, आपल्या सोयीचा पुढे घेऊ शकतो. पैशाच्या व्यवहारात एवढी सत्ता पुरेशी असते.

तरीही ‘सार्वजनिक सहमतीवर नोंदवलेलं’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, बाहेरच्या जाळ्याने मजकूर तपासून खरा ठरवला. असं काही घडत नाही. चुकीचं वजन लिहिलेली पावती तिथे गेली, तर चुकीचं वजनच अचूक वेळेसह कायमचं नोंदलं जातं. ‘अमुक मजकूर अमुक वेळेआधी अस्तित्वात होता आणि या क्रमाने आला’ यापलीकडे ही सेवा काहीही सांगत नाही. विकणाऱ्यांनी हा फरक पुरेसा ठळक केला नाही, आणि त्यातून झालेले गैरसमज अजून निस्तरावे लागतात.

कल्पना म्हणून हे सगळं बरंच जुनं आहे. 1991 मध्ये दोन संशोधकांनी डिजिटल कागदपत्रांवर वेळेचा शिक्का मारून ते हॅशने (मजकुरावरून काढलेल्या छोट्या गणिती ठशाने) एकमेकांत गुंफण्याची पद्धत मांडली. 1995 पासून अशा साखळीचा हॅश अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापून येऊ लागला. नोंदी खाजगी, साक्षीदार मात्र छापील अंकाच्या हजारो प्रती. पुढे बिटकॉइनने त्या वृत्तपत्राची जागा घेतली. मार्च 2014 मध्ये व्यवहाराला 40 बाइटचा मजकूर जोडण्याची अधिकृत सोय झाली. एसएचए-256 या पद्धतीचा हॅश 32 बाइटचा असतो, तेव्हा तो त्यात आरामात मावत होता. हजारो नोंदींचं मर्कल ट्री (हॅश जोडीजोडीने एकत्र करत एकाच मुळापर्यंत नेणारी रचना) करून फक्त मुळाचा हॅश तिथे टाकायचा, या पद्धतीला अँकरिंग हे नाव रुळलं.

म्हणजे 2019 उजाडेपर्यंत दोन वाटा तयार होत्या. नोंदी घरात ठेवून वरचेवर ठसा बाहेर उमटवायचा, ही अँकरिंगची वाट. आणि काफ्काची जागा रिकामी करून क्रम लावण्याचं कामच बाहेर द्यायचं, ही दुसरी. सहमती सेवेच्या आराखड्यात दुसरी वाट ठळकपणे पुढे केली गेली. हॅशग्राफचं सार्वजनिक जाळं सप्टेंबर 2019 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं होतं, आणि सहमती सेवेबरोबरच फॅब्रिकसाठीचा जोडही पुढे आला.

कागदावर ही मांडणी देखणी होती. फॅब्रिकचं चॅनेल म्हणजे सेवेवरचा एक टॉपिक. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक, नॅनोसेकंदापर्यंतची सहमतीची वेळ आणि आधीच्या सगळ्या संदेशांना बांधून ठेवणारा एसएचए-384 चा चालता हॅश. संदेश पाठवण्याचा दर जाहीर होता, अमेरिकी डॉलरचा दहा हजारावा भाग. कोणत्याही एका भागीदाराच्या हातात रांग नाही. काफ्काच्या दिवसांत घड्याळांवरून झगडलेल्यांना तर सर्वांना सारखीच दिसणारी वेळ म्हणजे मोठाच दिलासा होता.

प्रत्यक्ष बांधायला बसल्यावर अडचणी दिसू लागल्या. फॅब्रिकमध्ये ऑर्डररची पद्धत बदलता येते असं म्हटलं जायचं, पण नवी पद्धत आणायची तर ऑर्डररचा कोडच फोर्क करून, म्हणजे त्याची वेगळी प्रत काढून, पुन्हा बांधावा लागे, आणि मूळ प्रकल्पात झालेला प्रत्येक बदल आपल्या प्रतीत ओढून आणावा लागे. आकाराचा प्रश्न वेगळाच. प्रमाणपत्रं आणि सह्या धरून फॅब्रिकचा साधा व्यवहारही काही किलोबाइटचा होतो, तर सार्वजनिक जाळ्यावरच्या व्यवहाराची एकूण मर्यादाच 6 किलोबाइट. म्हणून मोठ्या व्यवहाराचे तुकडे करायचे. एकाचे तुकडे दुसऱ्याच्या तुकड्यांत मिसळून येतात, ते जुळवायचे, आणि एखादा आलाच नाही तर किती वेळ वाट पाहायची हेही ठरवायचं.

गोपनीयतेचा मुद्दा तर सर्वात वादाचा ठरला. मजकूर कूटबद्ध करून पाठवता येतो. पण सेवेचे मिरर नोड (नोंदींची प्रत ठेवून वाचायला देणारे संगणक) कोणीही चालवू शकतो आणि तो संदेश जपून ठेवू शकतो. आज न फुटणारं कुलूप वीस वर्षांनी फुटलं तर? शिवाय मजकूर झाकला तरी चाल झाकत नाही. एका टॉपिकवर महिनाअखेरीला संदेशांची गर्दी होते की शुकशुकाट असतो, हे कोणालाही मोजता येतं, आणि प्रतिस्पर्ध्याला तेवढंही पुष्कळ सांगून जातं.

मूळ तक्रार सोडवण्याचा प्रयत्न दरम्यान फॅब्रिकच्या घरातच सुरू झाला होता. एप्रिल 2019 मध्ये 1.4.1 आवृत्तीत राफ्ट आलं, म्हणजे ऑर्डररनी आपल्यातूनच एक नेता निवडून क्रम लावण्याची पद्धत. आता प्रत्येक संस्थेला मागे कोणाचंही काफ्का न ठेवता स्वतःचा ऑर्डरर चालवता येऊ लागला. जानेवारी 2020 च्या 2.0 मध्ये काफ्का मोडीत निघणार हे जाहीरही झालं. म्हणजे सार्वजनिक सेवा ज्या दुखण्यावर औषध म्हणून आली, त्याचा अर्धा भाग ती येईपर्यंत हलका झाला होता. उरलेला अर्धा मात्र तसाच होता. राफ्टमध्येही नेता नोड प्रामाणिक आहे असं धरूनच चालावं लागतं.

क्रमच बाहेर द्यायचा की फक्त ठसा, या निर्णयात माझं मत ठशाच्या बाजूने आहे, आणि त्याला मार्च 2023 मधल्या एका घटनेचा आधार आहे. हॅशग्राफच्या त्या सार्वजनिक जाळ्याच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (जाळ्यावर आपोआप चालणारे करार) सेवेतल्या त्रुटीचा फायदा घेऊन टोकनची चोरी झाली. चोर थांबवण्यासाठी जाळं चालवणाऱ्यांनी मुख्य जाळ्याकडे नेणारे मधले संगणक (प्रॉक्सी) 9 मार्चला बंद केले, आणि दुरुस्ती होईपर्यंत सामान्य वापरकर्त्याची वाट बंद राहिली. चोर थांबवायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण सहमती सेवेचा त्या त्रुटीशी संबंध नसतानाही तिचं दार त्याच भिंतीत होतं. ज्याने ठसाच बाहेर दिला आहे त्याचा ठसा अशा वेळी उशिरा उमटतो, घरचं काम चालू राहतं. ज्याने रांगच बाहेर दिली आहे त्याचा एकही ब्लॉक पडत नाही.

‘सार्वजनिक’ या शब्दाचं वजनही त्याच दिवसांत नीट तपासलं गेलं. संदेश कोणीही पाठवू शकतो, मिरर नोडवरून कोणीही वाचू शकतो, या अर्थाने सेवा सार्वजनिक आहे. सहमतीचे नोड मात्र मर्यादित संस्थांच्या परिषदेकडे, जास्तीत जास्त 39 सभासद. सुरुवातीची कित्येक वर्षं हॅशग्राफच्या मूळ पद्धतीवर पेटंटही होतं. 2022 मध्ये परिषदेने ते हक्क विकत घेऊन कोड खुल्या परवान्याखाली आणायचं ठरवलं आणि 2024 मध्ये तो कोड एका खुल्या सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाच्या हवाली झाला. हा बदल खरा आणि स्वागतार्ह आहे. तरी नोड कोण चालवतो हा प्रश्न कोड खुला झाल्याने आपोआप मिटत नाही.

मधल्या काळात खाजगी जाळ्यांनाच ओहोटी लागली. जहाज मालवाहतुकीसाठी 2018 मध्ये मोठ्या गाजावाजात आलेला, फॅब्रिकच्या घराण्यातला एक जागतिक मंच नोव्हेंबर 2022 मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं. तो क्रमाच्या तंत्रामुळे बंद पडला नाही. उद्योगातल्या सगळ्यांचं पुरेसं सहकार्य मिळालं नाही, हे कारण चालवणाऱ्यांनीच दिलं. प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या जाळ्यात आपण का जायचं, ही 2017 ची कुजबुज पाच वर्षांनीही विरली नव्हती.

सप्टेंबर 2024 मध्ये फॅब्रिक 3.0 आलं आणि काफ्का व सोलो कायमचे निघाले. त्यात लबाड नोडला पुरून उरणारी पद्धत परत आली, 0.6 नंतर तब्बल आठ वर्षांनी. तिचं गणित पीबीएफटीचंच आहे, एक लबाड सोसायचा तर किमान चार नोड लागतात. चार भागीदारांचं जाळं असेल आणि त्यातल्या एकाने खोटेपणा केला, तर आता बाहेरच्या कोणाची गरज नाही. पण त्याच चारांपैकी तिघांनी संगनमत करून मागचे सहा महिने नव्याने लिहायचे ठरवले, तर चौथ्याकडे दाखवायला काय उरतं? त्याची स्वतःची प्रत, आणि त्याने दर तासाला बाहेर टाकलेला 32 बाइटचा ठसा, ज्याची वेळ त्या तिघांपैकी कोणालाही बदलता येत नाही.