देव घरी मुक्कामाला: ओकु-नोतोच्या सणांची पार्श्वभूमी

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेला नोतो हा द्वीपकल्प इशिकावा प्रांतात येतो. त्याच्या टोकाकडच्या वाजिमा, सुझु, आनामिझु आणि नोतो-चो या भागाला ओकु-नोतो म्हणतात. ‘ओकु’ म्हणजे आतला. आपल्याकडे माजघर म्हणताना जो आतपणा असतो, तोच. इथल्या सणांचे वर्ष समजून घ्यायचे तर सुरुवात हिवाळ्यापासून करावी लागते.

५ डिसेंबरला घरधनी ठेवणीतला कामिशिमो चढवतो. खांद्यांना ताठ पंख असलेला हा सरंजामी काळातला पोशाख. तो घालून तो कापणी झालेल्या ओक्याबोक्या खाचरात जातो, कुदळ जमिनीत मारतो आणि ता-नो-कामीला, म्हणजे शेताच्या देवाला, घरी चलण्याची विनंती करतो. वाटेत पायरी आली, उंबरठा आला की तसे बोलून सांगतो, कारण देवाची दृष्टी अधू. कोणी म्हणते भाताच्या लोंबीचे टोक डोळ्यात गेले, कोणी म्हणते मातीखालच्या अंधारात राहून नजर गेली. आधी शेकोटीपाशी विसावा, मग आंघोळ. पाणी बेताचे गरम आहे ना, हे यजमान हात घालून बघतो. मग जेवण. देव जोडप्याने येतो, म्हणून ताटे दोन. देवाचे आसन पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्या पोत्यांपाशी. अझुकी, म्हणजे बारीक लाल घेवडा, घालून शिजवलेला भात, डोक्याशेपटासकट मासा, दोन पाय फुटलेला मुळा आणि तांदळाचे गोड पेय आमाझाके. प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन तो कुठे आहे ते सांगायचे. पाहुण्याला दिसत नाही ना! ९ फेब्रुवारीला पुन्हा असाच पाहुणचार आणि मग शेतात पाठवणी. मधले दोन महिने देव घरात.

या विधीचे नाव आएनोकोतो. ‘आए’ म्हणजे पाहुणचार, ‘कोतो’ म्हणजे सण.

तारखांची गोष्ट मात्र अलीकडची आहे. मूळचे दिवस जुन्या चांद्र पंचांगातल्या अकराव्या महिन्याची ५ आणि पहिल्या महिन्याची ९. जपान सरकारने १८७३ पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका लागू केली आणि सण तिथीवरून तारखेवर आले. नुसता आकडा उचलला असता तर ऋतू चुकला असता. म्हणून अंक तेच ठेवून महिना एकाने पुढे ढकलला. जपानात कित्येक सणांची अशी सोय लावली गेली. हिशेब ढोबळ, पण भात आणि सण यांची सांगड सुटली नाही.

राजवाड्यातही याच सुमारास सम्राट नवा तांदूळ देवांना वाहतो. तो निइनामे विधी २३ नोव्हेंबरचा, आणि १९४८ पासून त्या दिवशी ‘श्रम आभार दिन’ म्हणून सुट्टी असते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांना आएनोकोतोमध्ये या राजविधीचे शेतकरी घरातले रूप दिसले. मग अभ्यासकांची रीघ लागली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नऊ विद्वत्संस्थांनी मिळून नोतोची पाहणी केली. १९७६ मध्ये विधीला राष्ट्रीय संरक्षण मिळाले, २००९ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. यात एक गंमत झाली. प्रत्यक्षात दर घराची रीत वेगळी होती, पण छापील लिखाणात एकच रीत रूढ झाली. मी वर लिहिले तेही छापून छापून पक्के झालेले रूप आहे, हे वाचताना ध्यानात असू द्या.

उन्हाळ्याचे सण दुसऱ्याच भीतीतून आले: रोगराईच्या. जुलै ते ऑक्टोबर गावोगाव किरिको निघतात. किरिको म्हणजे खांद्यावर वाहायचे उभे, उंच कागदी कंदील. हंगामाची सुरुवात उशित्सु गावाच्या आबारे उत्सवाने होते. आख्यायिका अशी की, साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे साथ पसरली, तेव्हा क्योतोच्या गिओन देवळातून गोझु तेन्नो हा देव आणला. एक गांधीलमाशी आजाऱ्यांना डसली आणि ते बरे झाले. गिओन हे नाव आपल्या ओळखीचे निघते: ते श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या चिनी-जपानी नावावरून आले, आणि गोझु तेन्नो हा त्या विहाराचा रक्षक मानला जाई. १८६८ मध्ये मेइजी सरकारने बौद्ध आणि शिंतो दैवते वेगळी करायला लावली, तेव्हा गोझु तेन्नोचे नाव पुसून सुसानोओ या शिंतो देवाचे नाव लागले. उत्सवाचा दांडगेपणा तसाच राहिला. देवाची पालखी जमिनीवर आपटतात, पाण्यात टाकतात, आगीत लोटतात. जितकी मोडतोड, तितका देव खूश.

गावांच्या चढाओढीत किरिको वाढत गेले, काही १५ मीटरपर्यंत. मग विजेच्या तारा आल्या आणि बऱ्याच गावांना ते छाटावे लागले. पुढे तरुण शहरांत गेले. खांदे कमी पडले तिथे कंदिलाखाली चाके आली. तरी बाहेर गेलेली मंडळी पितरांच्या ओबोनला चुकतील, पण किरिकोला गाव गाठतील, असे नोतोत म्हणतात. त्या दिवशी घरोघरी ‘योबारे’ असते. दार उघडे, लाखकामाच्या लाल ताटांत जेवण, ओळखीच्या ओळखीचाही माणूस पंगतीला चालतो.

१ जानेवारी २०२४ ला दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी नोतोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. नववर्षाचा दिवस, माणसे घरी जमलेली. आणि रिवाजाच्या हिशेबाने ता-नो-कामीही तेव्हा घरातच होता. ज्या शेतात त्याला फेब्रुवारीत परत पोचवायचे, त्याचेही धड राहिले नव्हते. वाजिमाजवळ शिरोयोनेच्या डोंगरउतारावर समुद्रापर्यंत उतरत गेलेली १,००४ खाचरे आहेत. त्यांतल्या बहुतेकांना भेगा पडल्या. त्या वर्षी सुमारे १२० खाचरांत भात लावला.