कंस फार उशिरा आला

३(क्ष − २) = २क्ष + ५ असलं काही दिसलं की आधी कंस सोडवायचा, मग क्ष सगळे एका बाजूला, उत्तर ११, झालं. हे इतकं अंगवळणी पडलंय की वाटतं कंस पहिल्यापासूनच होता. पण तो आला फार उशिरा.

इ.स.पू. १६५० च्या आसपासच्या ऱ्हाइंड पपायरस ह्या इजिप्तच्या जुन्या गणिताच्या गुंडाळीत एक गणित आहे, एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९, तर राशी किती? इजिप्तवाल्यांनी सरळ ७ धरले, बेरीज आली ८, मग ८ चे १९ व्हायला जितकी पट लागते तितक्याच पटीने ७ वाढवले, उत्तर १६ पूर्णांक ५/८. क्ष नाही, कंस नाही.

कंस सोडवताना खरी गोची होते ती बाहेर वजा असला की, ७ − २(क्ष − ३) मध्ये शेवटी + ६ का येतं हे भल्याभल्यांना कळत नाही (मलाही बरेच दिवस नुसतं पाठच होतं). तर ऋण गुणिले ऋण म्हणजे धन हा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच लिहून ठेवलाय. आणि बाहेरच्या आकड्याने आतल्या प्रत्येकाला गुणायचं हे भास्कराचार्यांच्या लीलावतीत खंडगुणन म्हणून आहे, १३५ ला १२ ने गुणायचं तर ८ ने आणि ४ ने वेगवेगळं गुणून बेरीज करा. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशी ‘या’ (यावत्तावत्), साधी संख्या ‘रू’, ऋण असेल तर डोक्यावर टिंब, आणि समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक. आतल्या प्रत्येकाला गुणायच्या ह्या रीतीला ‘वितरण’ ह्या अर्थाचं नाव मात्र फ्रेंच गणिती सेर्व्हुआने थेट १८१४ मध्ये दिलं, म्हणजे काम आधी आणि बारसं कितीतरी शतकांनी!

बगदादचा अल-ख्वारिझ्मी (साधारण ८२०) तर सगळं शब्दांतच लिहायचा, अगदी आकडेसुद्धा. ‘दहा उणे वस्तू’ ला ‘दहा उणे वस्तू’ ने गुणा असं तो म्हणतो (वस्तू म्हणजे अज्ञात राशी), म्हणजे आपले दोन कंसच की. वजा असलेलं पद दुसऱ्या बाजूला अधिक होऊन जातं त्याला त्याने ‘अल-जब्र’ म्हटलं, अल्जिब्रा हे नाव तिथूनच.

आजची बरीचशी चिन्हं आली ती पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपात, बरोबरचं चिन्ह वेल्सचा गणिती रेकॉर्डने १५५७ मध्ये आणलं, गोल कंस इटलीचा गणिती टार्टाग्लियाच्या १५५६ च्या पुस्तकात दिसतात, पण लगेच रुळले नाहीत, पुढेही बराच काळ लोक पदांवर आडवी रेघ मारूनच भागवत होते. ती रेघ अजून गेलेली नाही, वर्गमुळाच्या चिन्हावर जी लांब रेघ असते ती तीच. अपूर्णांकाची रेघही आतून कंसाचंच काम करते, म्हणून (क्ष − ३)/२ च्या आधी वजा असला आणि छेद उडवताना कंस घातला नाही की चिन्ह हमखास चुकतं.