टॅग मंजूर झालं, तरी प्रवेश एप्रिलमध्ये का? यूसीच्या हमी-प्रवेशाची पात्रता, कागदपत्रं आणि मधले पाच महिने

नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या खात्यात टॅगच्या, म्हणजे हमी-प्रवेशाच्या, अर्जापुढे ‘मंजूर’ असा शब्द दिसतो आणि घरात पेढे येतात. मग डिसेंबर जातो, जानेवारी जातो, मार्च उजाडतो, तरी विद्यापीठाचं प्रवेशपत्र येत नाही. पुण्या-नागपुरातले आईवडील रोज फोन करतात, “हमी दिलीय ना, मग अडलंय कुठं?” कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजमध्ये) शिकणारी मराठी मुलं, विशेषतः क्युपर्टिनोचं डी अँझा, लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल, फ्रीमाँटचं ओलोनी इथली, दर वर्षी या काळातून जातात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती सविस्तर लिहिते आहे. या पाच महिन्यांत काय घडत असतं हे कळलं, तर निम्मी काळजी कमी होईल. उरलेली निम्मी योग्य जागी वापरता येईल.

ही हमी नेमकी कुणाची, कशाची

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, पदवीचं शिक्षण नऊ कॅम्पसवर देते. त्यांतले सहा कॅम्पस राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अटी पूर्ण केल्यास तिसऱ्या वर्षात प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. या योजनेचं नाव ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, बोलताना सगळे ‘टॅग’ म्हणतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. तिथं अर्ज जरूर करावा, पण तिथली निवड पूर्णपणे स्पर्धेतून होते.

दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठ ही वाट कॅलिफोर्नियाने १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्यातच आखून ठेवली होती. त्यामुळे “आमच्या मुलाला थेट प्रवेश मिळाला नाही, म्हणून तो कम्युनिटी कॉलेजला गेला” असं दबक्या आवाजात सांगणाऱ्या पालकांनी तो सूर खरंच सोडावा. पदवीच्या कागदावर यूसीचंच नाव येतं, आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्च पुष्कळ कमी होतो.

टॅग एका वेळी एकाच कॅम्पससाठी भरता येतं. यूसीचा मुख्य अर्ज मात्र हव्या तितक्या कॅम्पसना करता येतो. त्यामुळे टॅग डेव्हिसचं घेऊन बर्कली आणि लॉस एंजेलिसलाही अर्ज करणं अगदी नियमात बसतं.

पात्रता

टॅगचा अर्ज करताना कम्युनिटी कॉलेजची किमान ३० सेमिस्टर युनिट्स (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप) पूर्ण हवीत, आणि तीही यूसी मान्य करते अशा विषयांची. डी अँझा आणि फूटहिलमध्ये क्वार्टर पद्धत (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं) आहे, तिथं हा आकडा ४५ होतो. विद्यापीठात जाण्याआधीच्या स्प्रिंगअखेर (स्प्रिंग म्हणजे उन्हाळ्याआधीचं सत्र) एकूण ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स लागतात. समरचे वर्ग सोडले, तर शेवटचं कॉलेज कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेजच असलं पाहिजे.

विषयांचा किमान साचा सात कोर्सचा आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, भौतिक व जीवशास्त्रं यांपैकी निदान दोन गटांतून मिळून चार. प्रत्येकात सी किंवा त्याहून वरची ग्रेड हवी. पहिला इंग्रजीचा आणि गणिताचा कोर्स फॉल (डिसेंबरात संपणारं सत्र) संपेपर्यंत उरकलेला असावा, असा बहुतेक ठिकाणचा आग्रह असतो. आपली मुलं गणित आधीच संपवतात आणि इंग्रजी पुढं ढकलतात, हे वारंवार दिसतं. इंग्रजी पहिल्याच वर्षी घ्या. भारतातून आलेल्या मुलांसाठी इंग्रजी भाषेची अटही या दोन कोर्समधून भागू शकते.

जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कॅम्पसप्रमाणे आणि मेजरप्रमाणे (पदवीच्या मुख्य विषयाप्रमाणे) बदलतो. काही ठिकाणी तो तीनच्या खाली चालतो, काही ठिकाणी साडेतीनच्या जवळ लागतो. या अटी दर वर्षी नव्याने जाहीर होतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राचा आकडा धरून बसू नका. त्या वर्षाचं टॅगचं पत्रक उघडून बघा.

सगळे मेजर टॅगमध्ये नसतात, आणि मराठी घरांत नेमकं हेच उशिरा कळतं. सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅग देत नाही आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स त्याच कॉलेजात येतं. इतर ठिकाणीही मागणीचे काही मेजर वगळलेले असतात किंवा त्यांना जादा विषय आणि वरचा जीपीए लागतो. आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसवर कशाच्या बदल्यात धरतात, हे असिस्ट डॉट ऑर्ग या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतं. काउन्सेलरला (कॉलेजच्या सल्लागाराला) भेटण्याआधी त्याची प्रत काढून न्या, भेटीचा निम्मा वेळ वाचतो.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनाही टॅग मिळू शकतं. प्रवेश पक्का झाला तरी फी मात्र राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याचीच लागते आणि त्यातली जादा रक्कमच वर्षाला ३०,००० डॉलरहून अधिक आहे. हा हिशेब टॅग भरण्याआधी घरी मोकळेपणाने मांडा. एच-४ वरच्या (पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांना कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण सिद्ध करता येतं, पण वयाच्या २१ व्या वर्षी ते स्टेटस संपतं. वाढदिवस आणि सेमिस्टर यांची सांगड वकिलासोबत आधीच घालून ठेवावी.

अर्ज, आणि लागणारे कागद

टॅगचा अर्ज यूसीच्या ट्रान्सफर अ‍ॅडमिशन प्लॅनरमध्ये भरायचा, १ ते ३० सप्टेंबर या महिन्यातच. पुढच्या वर्षीच्या फॉलसाठी हा सप्टेंबर, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी. प्लॅनरमध्ये आजवरचा प्रत्येक कोर्स, ग्रेड, युनिट्स, चालू असलेले आणि पुढं घ्यायचे कोर्स असं सगळं लिहायचं असतं. कॉलेजचा काउन्सेलर ते तपासतो आणि मग कॅम्पस निर्णय देतो.

यूसीचा मुख्य अर्ज वेगळा असतो. तो ऑगस्टपासून भरायला मिळतो, पण जमा करता येतो १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात (३० ला सुट्टी आली, तर एखादा दिवस पुढं). टॅग मंजूर झालं म्हणून हा अर्ज भरला नाही, तर हमी तिथंच संपते. या अर्जात टॅगमधलाच कॅम्पस आणि टॅगमधलाच मेजर असायला हवा. शेवटच्या रात्री डेटा सायन्सऐवजी दुसरा कुठला मेजर निवडला, तर ती हमी त्या नव्या मेजरला लागू होत नाही.

अर्जात निबंधवजा चार उत्तरं द्यायची असतात. त्यांपैकी निवडलेल्या मेजरची तयारी कशी केली, हे सगळ्यांना सक्तीचं. बाकी तीन प्रश्न सातांतून निवडायचे. प्रत्येकाला ३५० शब्दांची मर्यादा. टॅग असलं तरी ही उत्तरं मन लावून लिहा, कारण इतर कॅम्पस तीच वाचणार आहेत.

कागद कुठले? अर्जाच्या वेळी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या कोर्सचं आणि ग्रेडचं अधिकृत पत्रक) पाठवायची नसते, पण ती समोर ठेवूनच अर्ज भरायचा असतो, कारण शेवटी ताडून बघतात. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची नोंद करावी लागते. भारतात एफ.वाय.चं एक वर्ष केलं असेल, अर्धवट सोडलं असेल, गुण कमी असतील, तरीही. ते गुण मार्कशीटवर जसे आहेत तसेच लिहावेत. टक्केवारीचं जीपीएत रूपांतर आपण करायचं नाही, ते काम विद्यापीठ करतं. जुनं कॉलेज लपवल्याचं पुढं उघडकीला आलं, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

नोव्हेंबर ते एप्रिल

नोव्हेंबरात जे मंजूर होतं ते वचन असतं, आणि त्याला दोन बाजू असतात. विद्यापीठ म्हणतं, “तू लिहिलेले कोर्स, लिहिलेल्या दर्जाने पूर्ण केलेस, तर तुझी जागा राखून आहे.” ते पूर्ण होतात की नाही हे बघण्यासाठीच एप्रिलपर्यंतचा काळ जातो. ट्रान्सफरचे निर्णय कॅम्पस आपापल्या तारखांना देतात आणि ३० एप्रिलपर्यंत सगळे हाती येतात. टॅगवाल्यांसाठी वेगळी, आधीची तारीख असेल असं गृहीत धरू नका. मैत्रिणीला मार्चमध्ये पत्र आलं आणि तुला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. तिचा कॅम्पस वेगळा असेल, नाहीतर मेजर वेगळा.

या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं काम जानेवारीत येतं. ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट नावाचा भाग अर्जाच्याच खात्यात उघडतो. त्यात फॉलच्या ग्रेड टाकायच्या, सुरू असलेले आणि स्प्रिंगचे कोर्स दुरुस्त करायचे. मुदत ३१ जानेवारी. काहीही बदललं नसलं तरी तो भरून जमा करायचा. हमी हातची जाण्याची सगळ्यात टाळता येण्याजोगी वाट म्हणजे हा अपडेट विसरणं. सुट्टीत भारतात आला असाल, तर मुंबईच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या मोबाइलवर तारखेची आठवण लावून ठेवा.

दुसरं, ई-मेल. यूसी काही अर्जदारांना चिठ्ठी काढल्यासारखं, कुठलाही निकष न लावता निवडून अर्जातल्या एखाद्या माहितीचा पुरावा मागते. नोकरीचं पत्र, एखाद्या उपक्रमाचा दाखला, असं काही. निवड झाली याचा अर्थ संशय आला असा मुळीच नाही. पण मुदतीत उत्तर दिलं नाही, तर अर्ज रद्द होतो. स्पॅमचा कप्पा आठवड्यातून दोनदा बघत जा. अर्जानंतर प्रत्येक कॅम्पस स्वतःच्या पोर्टलचं खातं काढायला सांगतो, त्यातही डोकावत राहा.

तिसरं, वर्ग. स्प्रिंगमध्ये एखादा कोर्स जड जाऊ लागला की मुलं तो सोडतात आणि कुणाला सांगत नाहीत. टॅगमध्ये लिहिलेला कोर्स सोडायचा असेल, बदलायचा असेल, तर आधी काउन्सेलरला भेटा आणि मग कॅम्पसला पोर्टलमधून किंवा त्यांनी सांगितलेल्या मार्गाने लेखी कळवा. एक डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) पडल्याने दर वेळी हमी जातेच असं नाही. न कळवता केलेला बदल मात्र जुलैत ट्रान्सक्रिप्ट पोचल्यावर समोर येतो आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ उरत नाही.

याच काळात आर्थिक मदतीचा अर्जही असतो. पात्र विद्यार्थ्यांसाठी फाफ्साची (केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) किंवा राज्याच्या कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टच्या अर्जाची मुदत साधारण २ मार्च असते. टॅगच्या काळजीत ही तारीख निसटू देऊ नका.

आता खरी काळजी कुणी करावी? ज्याचा जीपीए फॉलमध्ये टॅगच्या आकड्याखाली गेला, ज्याचा इंग्रजीचा किंवा मेजरचा आवश्यक कोर्स राहिला, ज्याने अपडेट भरला नाही, त्याने. त्यांनी आजच काउन्सेलरची वेळ घ्यावी. ज्यांचं सगळं लिहिल्याप्रमाणे चाललं आहे, त्यांनी रात्री दोन वाजता पोर्टल उघडून काही हाती लागणार नाही. पालकांना माझी मनापासून विनंती आहे. “काही कळलं का?” हा प्रश्न रोज विचारू नका. मूल तिथं एकटं आहे, स्प्रिंगच्या परीक्षा समोर आहेत आणि त्या परीक्षांवरच ही हमी उभी आहे.

टॅग नाकारलं गेलं किंवा पुढं रद्द झालं, तरी मुख्य अर्ज जिवंत राहतो आणि तो त्याच कॅम्पसवर नेहमीच्या स्पर्धेत बघितला जातो. नकार आल्यास प्रत्येक कॅम्पसची फेरविचाराची पद्धत असते. नवी आणि ठोस माहिती असेल, तरच ती वापरण्यात अर्थ आहे.

पत्र आल्यावर

होकार कळवण्याची मुदत १ जून. एकाच कॅम्पसला होकार द्यायचा. मिळालेला प्रवेश सशर्त असतो. त्या अटींचं पान सही करण्याआधी पूर्ण वाचा, स्प्रिंगचा किमान जीपीए त्यातच लिहिलेला असतो.

एफ-१ वाल्यांनी होकारानंतर कम्युनिटी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन सेव्हिसची (अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतली) नोंद नव्या कॅम्पसकडे वळवायला सांगायचं. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आत हे व्हावं लागतं. नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते पात्रतापत्र) मिळवायला बँकेची कागदपत्रं पुन्हा लागतात. वडिलांच्या खात्याचं, मुदत ठेवींचं किंवा शैक्षणिक कर्जाचं पत्र मे महिन्यातच तयार ठेवा. उन्हाळ्यात घरी येणार असाल, तर परतताना नव्या कॅम्पसचा आय-२० हातात हवा. व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव असलं आणि त्याची मुदत शिल्लक असली, तर तोच चालतो.

अधिकृत ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, एपी-आयबीचे (शाळेत असताना दिलेल्या वरच्या दर्जाच्या परीक्षांचे) गुण १५ जुलैपर्यंत पोचायला हवेत. भारतात कॉलेज केलेलं असेल, तर तिथल्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टही लागू शकते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज प्रवेशपत्राची वाट न बघता फेब्रुवारीतच करावा. हे काम भारतात राहणारे आईवडील मुलाच्या अधिकारपत्रावर करू शकतात का, हे त्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आधी विचारून घ्या.