दिवाडी-चोडणची फेरीबोट आणि 'फुकट' या शब्दाचं भांडण

फेरीबोटीचे पैसे वाढणार म्हटलं की गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीतल्या दिवाडी, चोडण या बेटांवरची माणसं लगेच धक्क्यावर जमतात आणि पणजीतले लोक म्हणतात दहा रुपयांसाठी एवढा आरडाओरडा कशाला. तो का होतो ते कळायला थोडं मागे जायला पाहिजे.

अगदी जुनं थोडक्यात सांगतो. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. दिवाडीवरही नार्वे आहे, पलीकडेही नार्वे आहे, आणि दोन्हींच्या मधे आजही सरकारी फेरीबोट चालते.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर फेरीबोटी सरकारी खात्याच्या झाल्या. मांडवीवर १९७० मध्ये पूल आला, जुवारी नदीवर १९८३ मध्ये, आणि फेरीचे दिवस संपले असंच सगळे धरून चालले. मग ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला. ऐन पावसात, नदी फुगलेली, आणि पणजी ते पलीकडच्या काठावरची बेती हा सगळा भार परत फेरीबोटींवर. नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला. पूल कोसळल्यावर राजधानीत यायला-जायला नदीपलीकडच्या बार्देश तालुक्याला फेरीची रांग लावावी लागली, आणि त्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही फेरी म्हणजे रस्ताच हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. पूल झाला आणि बाकीचे ते विसरले, पण दिवाडीला आजही पूल नाही.

आता २०२३. नोव्हेंबरमध्ये सरकारने ठरवलं की दुचाकीला १० रुपये आणि चारचाकीला १० ऐवजी ४० रुपये, महिन्याचा पास १५० आणि ६०० रुपये. तोवर दुचाकीला पैसे पडत नव्हते, चालत जाणाऱ्याला तर नाहीच. लोक चिडले आणि निर्णय स्थगित झाला. पण त्या काही दिवसांत एक शब्द सगळीकडे फिरला, 'फुकट'. बेटावरच्या लोकांना फुकट पाहिजे, खातं तोट्यात आहे, डिझेलचा खर्च कोण देणार वगैरे. माझं म्हणणं असं की हा शब्दच मुळात चुकीचा आहे. मांडवीच्या पुलावरून जाणाऱ्याला टोल नाही, आणि तो पूल काय पैसे कमावतो का, त्याचा खर्चही सरकारच करतं, तिथे कुणी फुकट म्हणत नाही. मग दिवाडीचा माणूस सकाळी कामाला आणि संध्याकाळी घरी येताना त्याच नदीवरून जातो तर त्याचाच रस्ता तेवढा फुकटचा कसा? नव्या दराने, पास नसेल तर, दिवसाला येऊन-जाऊन २० रुपये, घरात दोन स्कूटर असतील तर ४०, वर दूध, भाजी, गॅस सगळंच फेरीतून येतं.

सकाळी पणजीच्या बाजूच्या रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून बघा. बोट टेकते, साखळी खडखडते, रॅम्प खाली येतो, आणि तो पूर्ण टेकायच्या आधीच पहिल्या दहा-बारा स्कूटर चालू झालेल्या असतात, युनिफॉर्ममधली पोरं मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन. त्या गर्दीत दहाच्या नोटा गोळा करत बसायचं म्हटलं तर प्रत्येक फेरीला उशीर.

पूल बांधून टाका म्हणणारेही आहेत, पण त्यावर दिवाडीतच दोन मतं आहेत. पूल आला की जमिनीचे दलाल येतील ही भीती खोटी नाही, आणि रात्री शेवटची बोट गेल्यावर घरात कुणी आजारी पडलं तर काय, हा प्रश्नही खोटा नाही. चोडणचं वेगळं आहे, मयेच्या बाजूने तिथे रस्त्याने जाता येतं, पण पणजीला जायचं तर तो वळसा फार मोठा पडतो.

जुलै २०२५ पासून रायबंदर-चोडण मार्गावर दोन रो-रो फेरीबोटी (गाड्या थेट चढवून नेणाऱ्या) आल्यात, मोठ्या आणि वेगवान. चारचाकीवाल्यांची रांग त्यामुळे कमी झाली हे मान्यच करायला पाहिजे. दिवाडीच्या फेरीबोटी मात्र तेव्हा जुन्याच राहिल्या.