स्पॅम ईमेल

स्पॅम ईमेल : घेणाऱ्याने मागितलेला नसताना एकगठ्ठा असंख्य पत्त्यांवर धाडलेला ईमेल. बोलताना ‘स्पॅम’ किंवा ‘जंक’ हेच शब्द रूढ आहेत. निव्वळ जाहिरातीचा स्पॅम डोकेदुखी ठरतो. बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या नावाने पासवर्ड काढून घेणारा स्पॅम (फिशिंग) मात्र आयुष्याची पुंजी नेऊ शकतो.

पहिला स्पॅम ३ मे १९७८ चा मानतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतील गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरील सुमारे ४०० जणांना पाठवले. ‘स्पॅम’ हे मुळात १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० मधील एका ब्रिटिश प्रहसनात हा शब्द कान किटेपर्यंत उच्चारला जातो, त्यावरून तो इकडे आला.

स्पॅम फोफावला तो ईमेलच्या मूळ रचनेमुळे. मेल पोहोचवणारा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ चा, म्हणजे जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत होते त्या काळातला. त्यात पाठवणाऱ्याची खातरजमा करण्याची सोय नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळण्या आल्या. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून त्या सक्तीच्या केल्या. तरीही मेल त्या डोमेनवरूनच (पत्त्यातील @ च्या पुढचा भाग) आला एवढेच त्यातून कळते. डोमेनचा मालक प्रामाणिक आहे की भामटा, हे कळत नाही.

म्हणून पत्ता वाचता येणे सर्वांत महत्त्वाचे. ‘तुमचा प्राप्तिकर परतावा मंजूर’ असा मेल येतो, नावही ‘आयकर विभाग’ असते. नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडतो. @ च्या पुढे असते ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-क्लेम डॉट टॉप’. आपल्याकडे पत्ता मु. पो., ता., जि. असा लिहितात, मोठा प्रदेश शेवटी. डोमेनही तसेच, ते शेवटाकडून वाचावे. इथे शेवट ‘रिफंड-क्लेम डॉट टॉप’, तेव्हा आधीचे ‘गव्ह डॉट इन’ निव्वळ देखावा. खऱ्या आयकर विभागाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ वरच संपतो. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ने संपणारी संकेतस्थळे घेणे बंधनकारक केले आहे, ते याच कारणासाठी.

आपला पत्ता स्पॅमवाल्यांच्या हाती लागतो तो संकेतस्थळांवरून, फुटलेल्या माहितीसाठ्यांतून किंवा नुसत्या अंदाजाने. कधी आपणच तो देतो. सोसायटीच्या सभेची नोटीस सर्व सभासदांना ‘सीसी’त टाकून पाठवली की प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाकडे जातो. पुढे त्यातल्या एकाचे खाते हॅक झाले तरी सगळी यादी बाहेर. अशा वेळी ‘बीसीसी’ वापरावे, त्यात इतरांचे पत्ते दिसत नाहीत. खरेदी, कूपन, स्पर्धा यांसाठी वेगळा पत्ता ठेवलेला उत्तम.

‘अनसबस्क्राइब’ ओळखीच्या कंपनीच्या मेलमध्ये खुशाल दाबावे. अनोळखी मेलमध्ये ते दाबले की हा पत्ता जिवंत आहे, हे समोरच्याला कळते. मेलमधली चित्रे आपोआप उघडू दिली तरी तेच होऊ शकते. उत्तर देऊन शिव्या घालण्यातही हाच धोका. अशा मेलवर ‘रिपोर्ट स्पॅम’ करावे, त्यातून स्पॅम वेगळा काढणारी गाळणी (फिल्टर) शिकत जाते.

अमेरिकेत स्पॅमविरोधी कायदा २००४ पासून लागू आहे. भारतात केवळ स्पॅम ईमेलसाठी वेगळा कायदा नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाचे नको-संदेशांविषयीचे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये फसव्या ईमेलचा उल्लेख होता. फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना झालेल्या अटकेनंतर गाजलेले हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि ते योग्यच झाले. तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास कलम ६६ड लागू होते. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

गाळणीही चुकते. प्रवेशाचे पत्र किंवा मुलाखतीचे बोलावणे स्पॅममध्ये जाऊन पडते, आणि जीमेल त्या कप्प्यातला मेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकते. वाट पाहात असलेला मेल आला नाही, तर आधी तिथे शोधावे.